नारळाच्या सोडणांचे चिप्स घरी करून त्यात ऑर्किड लावली, त्याचा सगळा अनुभव

कोकणात राहून ऑर्किडसाठी पाइन बार्क (पाइनच्या झाडाची साल) विकत आणायची, तीही किलोमागे अडीचशे-तीनशे रुपये मोजून आणि वर कुरियरचा खर्च, आणि घरामागचा सोडणांचा, म्हणजे नारळाच्या काथ्यासकट सालींचा, ढीग मात्र बंबात जाळून संपवायचा, हे मला बरीच वर्षं खटकत होतं. बार्क आमच्या हवेत टिकतही नाही. एकदोन पावसाळे झाले की कुंडीत खाली काळा गाळ होतो आणि मुळं गुदमरतात. थायलंडमधे डेंड्रोबियम या ऑर्किडची शेती नारळाच्या सोडणांवर चालते, मग गुहागरसारख्या नारळी-पोफळीच्या गावात का नाही, म्हणून २०२४ च्या दिवाळीनंतर हे काम हातात घेतलं. आता झाडांनी एक अख्खा पावसाळा त्यात काढलाय, म्हणून लिहायला बसले. मला सुरुवात करताना मराठीत सलग माहिती मिळाली नव्हती त्यामुळे बारीकसारीक गोष्टीही लिहितेय, लांबलं तर चालवून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं तिच्यावरच आहे. सोडण फुकट मिळतं, कापणंही जमून जातं, पण त्यात क्षार असतात आणि ते गेले की नाही हे नुसतं बघून कळत नाही. मोजावंच लागतं.

हे मला कळलं ते विकतच्या चिप्समुळे. आदल्या वर्षी ऑनलाइन एक दाबलेली वीट मागवली होती, पाकिटावर 'धुतलेले, वापरायला तयार' असं छापलेलं. त्यात लावलेल्या डेंड्रोबियमची नवीन मुळं कुंडीत शिरली आणि टोकाला काळी पडून तिथेच थांबली. नंतर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार पीपीएममधे दाखवणारा) घेतल्यावर त्याच विटेचे उरलेले चिप्स रात्रभर पाण्यात ठेवून बघितलं तर आकडा ९०० च्या वर. आमच्या विहिरीचं पाणी ६० च्या आसपास असतं, म्हणजे बाकी सगळं त्या चिप्समधून आलेलं.

हे क्षार येतात कुठून? माड समुद्राकाठचं झाड आहे, त्याला क्लोराइड लागतं, आपल्याकडे माडाच्या आळ्यात मीठ टाकायची जुनी पद्धत आहे ती उगाच नाही. पोटॅश तर तो भरपूर घेतो. त्यातलं बरंचसं सोडणात जाऊन बसतं. ऑर्किडची मुळं याच्या अगदी उलट सवयीची, झाडाच्या खोडाला धरून, पावसाच्या पाण्यावर आणि धुक्यावर वाढणारी, त्यांना एवढे क्षार सोसत नाहीत. पुन्हा हे क्षार दोन प्रकारे असतात. काही मोकळे, ते साध्या पाण्याने धुऊन जातात. काही पोटॅशियम आणि सोडियम मात्र सोडणाने धरून ठेवलेलं असतं, ते कितीही पाणी बदललं तरी नीट सुटत नाही, कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम आलं तरच जागा सोडतं. आणि हे तुम्ही आधी करून घेतलं नाहीत तर चिप्स कुंडीत गेल्यावर स्वतःच करतात, म्हणजे खतातलं कॅल्शियम स्वतः धरून ठेवतात आणि झाडाला देत नाहीत. मग नवीन पान टोकाला काळं पडतं आणि आपण बुरशीनाशक मारत बसतो. आपल्याकडे जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ, त्यात कॅल्शियम अगदी थोडं, त्यामुळे पाण्यातून आपोआप भरपाई होईल ही आशाही नको.

डिसेंबरात पाडेली (नारळ पाडणारा) आला तेव्हा सोडणं निवडायला सुरुवात केली. त्याने मी बाजूला काढलेली बघून विचारलं, "वैनी, ही कशाला येगळी काढलीत? बंबात नाय घालायची?" मी सांगितलं, फुलझाडांना हवीत, तर त्याने स्वतःच दोन माड दाखवून सांगितलं की यांची घ्या, ह्यांचं सोडण जाड आहे, आणि शहाळ्याचं हिरवं अजिबात घेऊ नका, कुजेल. आमचे माड जुने बाणवली आहेत. पूर्ण पिकलेल्या नारळाचं, तपकिरी झालेलं, जाड सोडण सगळ्यात चांगलं. शहाळ्याच्या सोडणात मऊ गर जास्त, ते लवकर बसतं. काथ्याच्या कामासाठी खाडीच्या पाण्यात कुजवलेली सोडणंही घेऊ नका, त्यात मिठाची आणखी भर पडलेली असते.

जुन्या ढिगातून घेणार असाल तर हात घालू नका, हे मी फार मनापासून सांगतेय. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी किती आहेत ते वेगळं सांगायला नको, आणि सोडणांचा ढीग म्हणजे त्यांना आणि विंचवांना आवडती जागा. लांब काठीने ढीग उलटा करायचा, एकेक सोडण उन्हात खळ्यात पसरायचं, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मग जाड हातमोजे घालून उचलायचं. वाळवी लागलेलं, आतून भुसभुशीत झालेलं बाजूला टाकायचं.

कापायच्या आधी सोडणं भिजवायची. कोरड्या सोडणावर कोयता घसरतो आणि ते फार धोक्याचं आहे. आमच्या विहिरीजवळ सिमेंटची डोण आहे, तिच्यात सोडणं टाकून वर जांभ्याचे चिरे ठेवले, कारण ती तरंगतात आणि वरची बाजू कोरडीच राहते. चांगली जड होईपर्यंत ठेवली. मग लाकडी ठोकळ्यावर ठेवून आधी धाग्यांच्या दिशेने उभ्या पट्ट्या काढल्या, बोटभर रुंदीच्या, आणि नंतर त्या पट्ट्यांचे आडवे तुकडे. उलटं केलंत, म्हणजे आधी आडवं कापलंत, तर धागे सुटतात आणि तुकड्याऐवजी झुबका हातात येतो. भिजलेल्या सोडणाचा कापलेला तुकडा जवळून बघा: बाहेरची साल गुळगुळीत, पाणी न पिणारी, तिच्या आत उभे धागे आणि त्या धाग्यांच्या मधे तो बारीक तपकिरी भुसा, तोच कोकोपीट. साल असलेला तुकडा आकार टिकवून धरतो, म्हणून साल काढायची नाही. भुसा मात्र जितका जाईल तितका बरा, तोच कुंडीत खाली बसून हवा अडवतो.

सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) थोडे कापले तर चालतं, जास्त कापलेत तर मनगट दुखायला लागतं. शेजारच्या काकांकडे गुरांच्या वैरणीसाठी हाताने फिरवायची कडबाकुट्टी आहे, त्यांनी स्वतः चालवून पट्ट्या कापून दिल्या, भिजलेल्या आणि पातळ पट्ट्या असतील तर छान कापते, जाड पट्टी घातली की अडकते. पट्टी पुढे सरकवायला लाकडाची दांडी वापरा, बोटं नाही. एक दिवस मदतीला बाई घेतली, तिला पाचशे रुपये दिले. आकार झाडाप्रमाणे: लहान रोपांना साधारण एक सेंटिमीटर, फॅलेनॉप्सिस आणि मोठ्या डेंड्रोबियमला दीड ते दोन, कॅटलियाला अडीचच्या पुढे. व्हँडाला काहीच लागत नाही, ती मोकळ्या मुळांनी टांगलेलीच बरी. सगळे आकार एकत्र करू नका कारण लहान तुकडे मोठ्यांच्या फटीत जाऊन बसतात आणि मग मोठे कापल्याचा उपयोग राहत नाही.

आता धुणं. कांदे येतात त्या जाळीच्या गोण्या बाजारात कांदेवाल्याकडे पाच-पाच रुपयांना मिळाल्या, त्यांत चिप्स अर्ध्यापर्यंत भरले आणि तोंड बांधून ड्रममधे बुडवले. ही सोय खूप उपयोगी पडली, पाणी बदलताना गोणी उचलून निथळत ठेवायची आणि ड्रम ओतायचा, चिप्स गोळा करत बसावं लागत नाही. पहिलं पाणी दुसऱ्या दिवशी बघितलं तर कोऱ्या चहासारखं गडद, मीटरवर १३८०. ओतलं, नवीन भरलं, सुमारे ७००. पुन्हा ओतलं. साधारण प्रत्येक वेळी निम्मं होत जातं आणि मग खाली आल्यावर हळूहळू उतरतं. घाई करून तासातासाला पाणी बदलण्यापेक्षा दिवसभर ठेवलेलं बरं, आतल्या धाग्यांपर्यंत पाणी पोचून क्षार बाहेर यायला वेळ लागतो.

ओतलेलं पाणी वाया घालवायचं नाही. ते सगळं मी माडांच्या आळ्यात सोडलं. पोटॅश आणि क्लोराइड माडाला हवंच असतं, त्याचंच त्याला परत गेलं. मिरची, पालेभाजी किंवा कुंडीतल्या झाडांना मात्र हे पाणी देऊ नका.

आता रंगाबद्दल, कारण इथे बरेच जण थांबतात. पाण्याचा तपकिरी रंग टॅनिनचा असतो, क्षारांचा नाही. रंग पुष्कळ दिवस थोडाथोडा येतच राहतो आणि त्याने ऑर्किडचं काही बिघडत नाही. आणि याच्या उलट, एका गोणीचं पाणी दिसायला जवळजवळ स्वच्छ झालं होतं तरी मीटर ३०० च्या वर दाखवत होता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आता किती नितळ झालंय, पुरे की," आणि मीटर नसता तर मीही तेच म्हटलं असतं. साधा टीडीएस मीटर साडेतीनशे रुपयांत मिळतो, या सगळ्या कामात ही एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ती घ्या. आधी आपल्या विहिरीचं पाणी मोजून लिहून ठेवा, आणि उन्हाळ्यात परत मोजा, खाडीजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. मग धुतलेले चिप्स बुडतील एवढंच स्वच्छ पाणी घालून रात्रभर ठेवायचं, सकाळी मोजायचं आणि त्यातून विहिरीचा आकडा वजा करायचा. फरक शंभरच्या आत आला की मी धुणं थांबवलं.

जानेवारीत कॅल्शियमचा टप्पा. याचं प्रमाण मला दापोलीच्या मैत्रिणीकडून मिळालं, ती बरीच वर्षं ऑर्किड करते. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरून तिच्याकडे गेले, माझा मीटरही नेला होता, तिच्या चांगल्या मीटरशी ताडून बघितला. हेही जमलं तर करा, स्वस्त मीटर विजेची वाहकता मोजून तिला एका ठराविक आकड्याने गुणतो, कोणी ०.५ ने तर कोणी ०.७ च्या आसपास, म्हणून दोन जणांचे आकडे जुळत नाहीत. माझा ०.५ वाला निघाला.

प्रमाण असं: लिटरमागे चार ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, म्हणजे पंचवीस लिटरच्या ड्रमला शंभर ग्रॅम, आणि त्यात चिप्स पूर्ण एक दिवस. नंतर एकदा साध्या पाण्याने धुऊन, लिटरमागे सव्वा ग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम सल्फेटच्या पाण्यात आणखी एक रात्र. दोन्ही खतं एकत्र घट्ट विरघळवायची नाहीत, कॅल्शियम आणि सल्फेट भेटले की जिप्समचा पांढरा साका खाली बसतो आणि दोन्ही वाया जातात. म्हणून वेगवेगळं.

गुहागरात तेव्हा सुटं कॅल्शियम नायट्रेट मिळालं नाही, चिपळूणला गेले. पहिल्या दुकानात पंचवीस किलोची गोणीच घ्या म्हणाले. दुसऱ्या दुकानदाराने विचारलं, "आंब्यावर मारायचंय का? किती कलमं आहेत?" मी म्हटलं, आंबा नाही, नारळाची सोडणं धुवायचीत, एक किलो पुरे. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि एक किलोचं पाकीट काढून दिलं, एकशे दहा रुपये, मॅग्नेशियम सल्फेट साठ रुपये किलो. पाकिटावर १५.५-०-० आणि पाण्यात विरघळणारं असं लिहिलेलं बघून घ्या. घरी आल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, कॅल्शियम नायट्रेट हवेतलं पाणी ओढतं आणि कोकणातल्या हवेत उघडं पाकीट आठवडाभरात चिकट होतं. चुलीपासून आणि बंबापासून लांब ठेवायचं, ते आग भडकवणारं आहे.

कॅल्शियमच्या पाण्यात मीटर घातला तर दोन हजाराच्या वर जातो, घाबरू नका, तो खताचाच आकडा आहे. त्या टप्प्यात मोजून काही कळत नाही. दोन्ही भिजवण्या झाल्या की परत साध्या पाण्याने धुऊन आकडा खाली आणायचा आणि मग मोजायचं.

एवढं झाल्यावर मला एकदा प्रयोगशाळेतून खात्री करून घ्यायची होती, कारण मीटर एकूण क्षार सांगतो, त्यात सोडियम किती हे सांगत नाही. जिल्ह्यातल्या एका माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत गेले. तिथे अर्ज भरायचा असतो, त्यात शेतकऱ्याचं नाव, गाव, गट क्रमांक, पाण्याचा स्रोत (विहीर, बोअर, नदी, कालवा) आणि पिकाचं नाव. चिप्ससाठी रकानाच नाही. खिडकीवरच्या ताईंनी विचारलं, "मॅडम, हे मातीत धरू की पाण्यात?" त्यांनीच मग मार्ग सुचवला, चिप्स देऊ नका, चिप्स ज्यात रात्रभर ठेवले ते पाणी बाटलीत आणा आणि पाणी नमुना म्हणून द्या, सोबत विहिरीचं साधं पाणीही द्या म्हणजे तुलना होईल. पिकाच्या रकान्यात ऑर्किड लिहिलं. दोन नमुन्यांची फी मिळून साडेतीनशे झाली. अर्जासोबत सातबाऱ्याची झेरॉक्स मागितली, ती माझ्याकडे नव्हती, सासऱ्यांच्या नावावर आहे, मग परत घरी येऊन दुसऱ्या दिवशी घेऊन गेले. जाताना सातबारा आणि आधारची झेरॉक्स बरोबर ठेवाच.

बाटली प्लॅस्टिकची, एक लिटरची, त्याच पाण्याने तीनदा खळबळून मग काठोकाठ भरायची आणि त्याच दिवशी द्यायची. आठ दिवसांत रिपोर्ट मिळेल असं सांगितलं होतं, मिळाला महिनाभराने. फोन केला की "मशीन बंद आहे" किंवा "साहेब सहीला नाहीत". या काळात माझी फार घालमेल झाली, कारण फेब्रुवारी संपत आला होता, फॅलेनॉप्सिसची फुलं उतरून नवीन मुळांची हिरवी टोकं दिसायला लागली होती, आणि कुंडी बदलायची हीच वेळ असते. पावतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पावतीवरच्या नंबरशिवाय रिपोर्ट शोधत नाहीत आणि ती शाई उन्हात उडते.

रिपोर्ट आला तेव्हा विहिरीच्या पाण्याची वाहकता ०.१२ आणि चिप्सच्या पाण्याची ०.२४ डेसिसायमन प्रति मीटर, सामू (पीएच) ६.१, सोडियम विहिरीच्या पाण्यापेक्षा किंचितच जास्त. माझ्या ०.५ वाल्या मीटरच्या हिशेबाने (०.१२ म्हणजे १२० मायक्रोसायमन, त्याच्या निम्मे) हे ६० आणि १२०, जवळजवळ तेच मी घरी मोजलं होतं. त्या दिवशी खूप हलकं वाटलं. आता पुढच्या घाण्यांसाठी प्रयोगशाळेत जायची गरज नाही, घरचा मीटर पुरेसा आहे हे कळलं. तुमच्या पाण्याबद्दल खात्री असेल आणि सोडणं घरच्या माडाची असतील तर हा टप्पा नाही केला तरी चालेल, पण पहिल्या वेळी मला त्याने फार धीर आला.

चिप्स वाळवताना ते आधी मोठ्या हंड्यात उकळून घेतले, निवडून टाकलेल्या सोडणांचंच जळण. गोगलगायींची अंडी आणि किडे यातून जातात. मग खळ्यात गोणपाटावर पसरून कडक ऊन दिलं आणि वाळू चाळायच्या चाळणीने चाळलं. खाली पडलेला भुसा आणि तुटके धागे कंपोस्टमधे. हे चाळणं कंटाळवाणं आहे, नाकाला रुमाल बांधून करा, पण टाळू नका.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कुंड्या भरल्या. चिप्स आदल्या रात्री भिजवून निथळून घेतले, कोरडे भरले तर सुरुवातीला पाणी नुसतं बाजूने वाहून जातं. कुंडीच्या तळाला करवंटीचे तुकडे, मग तीन भाग चिप्स आणि एक भाग लोणारी कोळसा. जुनी बार्क मुळांपासून हलक्या हाताने काढली, पोकळ झालेली मुळं कापली, कात्री दरवेळी जाळावर धरून घेतली. चिप्स दाबून ठासायचे नाहीत, झाड हललं नाही पाहिजे एवढंच, हलत असेल तर बांबूच्या काडीला बांधा, हलणाऱ्या झाडाची नवीन मुळं टोकाशी घासून मरतात. कापलेल्या जागा सुकाव्यात म्हणून दोनतीन दिवस पाणी दिलं नाही, पानांवर फक्त फवारा. डेंड्रोबियमला खालून नवे कोंब फुटायची वाट बघितली आणि एप्रिलमधे त्यांच्या कुंड्या बदलल्या, कुंडी मुद्दाम लहान घेतली, त्यांना ऐसपैस कुंडी मानवत नाही. जुलै-ऑगस्टमधे मात्र कुंडी बदलायच्या भानगडीत पडू नका, हवेतच इतकं पाणी असतं की जखम सुकत नाही.

उन्हाळ्यात फरक लगेच कळला. बार्कला एप्रिलमधे रोज पाणी लागायचं, चिप्सना एक दिवसाआड पुरलं. वरचा थर कोरडा दिसतो पण आत ओल असते, म्हणून बोट खुपसून बघायची सवय लावा किंवा कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्या. खत पातळ करून देते, आणि दर तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याऐवजी कॅल्शियम नायट्रेटचं अगदी पातळ पाणी, लिटरला अर्धा ग्रॅम. मधे एकदा साध्या पाण्याने कुंडी धुऊन काढायची म्हणजे खताचे क्षार साठत नाहीत.

पावसाळ्याची मला खरी धास्ती होती. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि चिप्स पाणी धरून ठेवतात, तेव्हा उघड्यावर ठेवली तर झाडं कुजणार हे नक्की. सगळ्या कुंड्या मेअखेरीस पडवीत छपराखाली टांगल्या, एकमेकींत हातभर अंतर सोडून, वारा खेळला पाहिजे. झडीच्या दिवसांत पाणी पूर्ण बंद. काही कुंड्यांत वर पांढरी बुरशी दिसली, ती सोडणावर वाढणारी साधी बुरशी, झाडाला काही झालं नाही, वरचे चार चिप्स बदलले. जास्त त्रास बारीक गोगलगायींचा, त्या मुळांची कोवळी टोकं खातात. रात्री बॅटरी घेऊन वेचणं आणि काकडीची फोड ठेवून सकाळी उचलणं हेच केलं. एक फॅलेनॉप्सिस गेलं, त्याच्या शेंड्यात पाणी साचून कुजलं, चिप्सशी त्याचा संबंध नव्हता. बाकीच्यांची मुळं सप्टेंबरात कुंडीच्या भोकांतून बाहेर आलेली, जाड, चंदेरी आणि टोकाला हिरवीगार.

दुसरा घाणा याहून सोपा झाला. उन्हाळ्यात सोडणं कापून ठेवली होती आणि २०२५ ला मान्सून २५ मेलाच कोकणात आला, त्यामुळे चिप्स भाजीच्या जाळीदार क्रेटमधे भरून थेट पागोळ्यांखाली ठेवले. पहिले चारदोन दिवस कौलांवरची धूळ आणि पाला येतो तेवढे जाऊ द्यायचे, मग ठेवायचे. क्रेट विटांवर उचलून, म्हणजे खालून चिखल उडत नाही, आणि पंधरा दिवसांनी हाताने वरखाली करायचे. एक बादली पाणी काढावं लागलं नाही. ऑगस्टमधे मोजलं तर पावसाच्या पाण्यात आणि चिप्सच्या पाण्यात जेमतेम वीसचा फरक. पण पावसाच्या पाण्यात कॅल्शियम नसतं, त्यामुळे मोकळे क्षार गेले तरी धरलेलं पोटॅशियम तिथेच असतं, म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची भिजवणी केलीच. तुमच्याकडे कौलांच्या पागोळ्या असतील तर माझं मत हेच की मे महिन्यात कापा आणि धुण्याचं काम पावसाला करू द्या. गंजका पत्रा असेल तर नको.

खर्च सांगायचा तर मीटर, दोन खतं, गोण्या, एक दिवसाची मजुरी, प्रयोगशाळेची फी आणि चिपळूण-दापोलीचं जाणंयेणं धरून पहिल्या घाण्याला दोन हजारांच्या आत झालं. त्यातले मीटर आणि खतं अजून पुरतायत, दुसऱ्या घाण्याला फक्त मजुरी. तेवढ्या कुंड्यांना बार्क घेतली असती तर पाचसहा हजार सहज गेले असते. वेळ मात्र खूप लागतो, हे धरून चला.

आणखी एक विनंती, चिप्स तयार झाले म्हणून रानातली सीतेची वेणी किंवा दुसरी कुठलीही आमरी (ऑर्किड) झाडावरून ओरबाडून आणू नका. सगळी ऑर्किडं सायटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या संरक्षित यादीत आहेत, आणि रानातून आणलेली कुंडीत बहुतेक जगतही नाहीत. नर्सरीत टिश्यू कल्चरची रोपं तीनचारशे रुपयांत मिळतात, ती घ्या.

तयार चिप्स पूर्ण वाळवून गोणपाटाच्या पोत्यात, जमिनीपासून वर टांगून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केले तर घाम येऊन बुरशी धरते. बाहेरगावी चिप्स दोनतीन वर्षांहून जास्त टिकतात असं मैत्रीण सांगते, आपल्या पावसात मी दोन वर्षांनीच बदलायचे असं धरलंय, आणि बोटाने दाबल्यावर तुकडा चुरला तर त्याआधीच. आता कॅटलियासाठी मोठे तुकडे डोणीत भिजत घातलेत, काल मोजलं तेव्हा ४२० होतं, अजून पाणी बदलायचंय.